आमच्या वाट्याला आलेली तहान

पाळकाची नेमणूक होते. पाळकिणीचं नुसतं लग्न होतं. पाळक म्हणजे आमच्या चर्चमधले धर्मगुरू आणि पाळकीण म्हणजे त्यांची बायको, एवढं आमच्याबाहेरच्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवते. पाळकाला नेमणुकीचं पत्र येतं, निवृत्तीचं वय असतं, निरोपाला शाल मिळते. पाळकिणीला यातलं काही नाही. काम मात्र पहिल्या दिवसापासून सुरू, आणि ते कुणी शिकवत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी, त्याही पाळकीणच, मला दोनच गोष्टी सांगितल्या. चर्चच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला ठेव. आणि कोण कुणाशी बोलत नाही ते पाठ असू दे, पण तुला ते पाठ आहे हे कुणाला कळू देऊ नकोस. माझा सगळा संसार या दोन वाक्यांवर निघाला.

काम काय, असं लोक विचारतात. रविवारी प्रभुभोजन असलं की त्याची भाकर करायची आणि प्याले घासायचे. कुणाकडे मयत झालं तर पहिला चहा आपल्या घरून न्यायचा. लग्नात रुसलेली मावशी शोधायची आणि ती शोधली जावी म्हणूनच रुसलेली आहे हे माहीत नसल्यासारखं तिला शोधायचं. शिवाय नवऱ्याचं प्रवचन दर आठवड्याला पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा करून समोर बसायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण. आमचे हे स्वभावाने गरीब, आवाजाने त्याहून गरीब. त्यांचं प्रवचन ऐकताना मागच्या बाकावरच्या लोकांना डुलकी यायची आणि पुढच्या बाकावरच्यांना ती आवरावी लागायची.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच. नाताळात केक, रविवारी चर्च, झालं. प्रत्यक्षात येरवड्यात आमच्या हाकेच्या अंतरावर इतकी चर्चेस होती की एकाची घंटा संपेपर्यंत दुसरं चिडून वाजवायला लागायचं. आमचं कौलारू चर्च. पलीकडे दगडी चर्च, तिथे पाळक झगे घालतात आणि लोक गुडघे टेकतात. ओढ्याकडे पत्र्याचं चर्च, तिथे टाळ्या, ढोलकी आणि मोठ्या आवाजातली प्रार्थना. कौलारूवाले म्हणत, दगडीवाले नुसता देखावा करतात. दगडीवाले म्हणत, पत्र्यावाले नुसता आरडाओरडा करतात. पत्र्यावाले कुणाबद्दल काही म्हणत नसत, ते सरळ सगळ्यांच्या तारणासाठी नाव घेऊन प्रार्थना करत. ते जास्त झोंबायचं.

सगळ्यात मोठं भांडण प्याल्याचं. प्रभुभोजनात द्राक्षारस देतात. दगडी चर्चमध्ये तो एकाच मोठ्या प्याल्यातून, सगळ्यांनी पाळीपाळीने ओठ लावून. आमच्याकडेही पूर्वी तसंच होतं. पण आमच्या पंचकमिटीचे चिटणीस भालेराव मास्तर यांनी ते बंद पाडलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र लेंगा-सदरा, खिशात स्वतःचा घडीचा पेला. "देवावर माझा विश्वास आहे, पाळकीणबाई," ते मला म्हणाले होते, "पण शेजाऱ्याच्या मिश्यांवर नाही." तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाला वेगळी, बोटाएवढी काचेची प्याली. त्या सगळ्या घासायला अर्थात मीच. एका प्रभूच्या नावाने जमणारी माणसं एका प्याल्यातून पिऊ शकत नाहीत, याचं मला वाईट वाटायचं, पण घासताना वाईट वाटायला वेळ नसायचा.

आता आमच्या चर्चच्या ओसरीकडे येते.

आमचं चर्च जेलच्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत. आतल्या माणसाला भेटायला खेड्यापाड्यातून नातेवाईक यायचे. पहाटेची एस.टी. पकडून आलेली माणसं, नंबर लागेपर्यंत उन्हात बसायची. एका उन्हाळ्यात एक बाई आमच्या कुंपणाच्या सावलीत, म्हणजे वीतभर सावलीत, पोराला पाजत बसली होती. मी फाटक उघडलं आणि म्हटलं, आत ओसरीवर बस. पुढच्या भेटीच्या दिवशी ती आणखी चौघींना घेऊन आली. एवढीच या कामाची स्थापना. कुणी ठराव केला नाही की फीत कापली नाही.

दोन माठ ठेवले, पेले ठेवले, चटया टाकल्या. मागचा संडास उघडा केला, आणि खरं सांगते, बायकांनी पाण्याहूनही जास्त दुवा त्या संडासाला दिला. एकटीला जमेना तेव्हा मी दगडी चर्चच्या सुलोचनाबाईंना विचारलं. त्या निवृत्त नर्स, कडक, इस्त्रीच्या. पत्र्याच्या चर्चमधून मार्थाबाई आल्या. त्या भाजी विकायच्या, आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्या दिवशी दोघींनी एकमेकींना सलाम केला तो माझ्याकडे बघून. मार्थाबाईंचं म्हणणं, येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. सुलोचनाबाईंचं म्हणणं, डोक्यावर हात ठेवण्याआधी तो धुतला तरी पाहिजे. शेवटी मी नियम केला. ओसरीवर बायबलचं वचन लिहायचं नाही, पत्रक वाटायचं नाही, कुणी आपणहून प्रार्थना मागितली तरच करायची. मार्थाबाई नाराज झाल्या. "मग आपन हितं करायचं तरी काय?" मी म्हटलं, पाणी द्यायचं. "नुसतं पानी?" नुसतं पाणी.

गिऱ्हाइकं एकेक असायची. एक म्हातारे गृहस्थ मुलासाठी पुरणपोळ्या घेऊन आले होते. बाहेरचं अन्न आत जात नाही हे त्यांना दारात कळलं. ओसरीवर येऊन त्यांनी फडकं सोडलं आणि म्हणाले, "कुनीतरी खावा. परत नेल्या तर म्हातारी इचारंल." आम्ही तिघी आणि ओसरीवरच्या सगळ्यांनी त्या पोळ्या खाल्ल्या. घरी गेल्यावर सगळ्या संपल्या असं त्यांना खरं सांगता आलं. आणखी एक जण पाणी पिऊन झाल्यावर माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, हितलं पानी प्यालं की मानूस बाटतो म्हनं?"

"किती प्यायलात?"

"दोन गिलास."

"मग? काही वाटतंय?"

त्याने खरोखर विचार केला. "गार वाटतंय," म्हणाला.

हसायला येतं, पण ही अफवा गल्लीतूनच निघाली होती. गल्लीत तात्यांचं घर. मूळचे इथलेच, येरवडा गाव होतं तेव्हाचे शेतकरी. जमीन शहराने गिळली, घराभोवती भाड्याच्या खोल्या उठल्या, पण कडुलिंबाखालची विहीर त्यांनी राखली होती. तिला मोटर बसवलेली. तात्या ओट्यावर बसून सुपारी कातरत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोजत. चोरा-दरोडेखोरांची नातीगोती आपल्या गल्लीतून जातात हे त्यांना सहन होईना. "आमच्या लेकीसुना हितनं ये-जा करत्यात," ते ह्यांना येऊन म्हणाले होते. त्यात काही खोटं नव्हतं. पण मग पाणी पाजून बाटवतात असंही ते बोलू लागले, आणि गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली: "जेल सरळ पुढे आहे. उगाच डावीकडे वळू नये. वळल्यास परिणामांस आपण जबाबदार." त्यांनी सह्या गोळा करून महापालिकेत अर्ज दिला. एका सकाळी मी फाटक उघडलं तर दोन्ही माठांची खापरं झालेली. कुणी केलं ते कळलं नाही. तात्यांनी केलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. पण तात्या ओट्यावर होते, आणि त्यांनी विचारपूस केली नाही.

मी नवे माठ आणले. आमची पंचकमिटी मात्र घाबरली. मास्तरांनी विषय मांडला. आधी तक्रार निवळू द्यावी, तोवर ओसरीकडच्या फाटकाला कुलूप. ईस्टरनंतर सगळ्या चर्चेसची मिळून बैठक घ्यावी आणि कायमचं काय ते ठरवावं. कायमचं म्हणजे काय ते मला कळत होतं. इतक्या चर्चेसची बैठक एखादी गोष्ट सुरू ठेवण्यासाठी कधी एकमत करत नाही, बंद करण्यासाठी सहज करते. पंचकमिटीच्या त्याच बैठकीत असंही ठरलं की विरोधाच्या काळात ख्रिस्ती समाजाची एकी दिसली पाहिजे. म्हणून यंदाच्या गुड फ्रायडेची उपासना सर्वांनी मिळून, आमच्या चर्चमध्ये. जे काम आम्ही खरोखर एकत्र करत होतो ते बंद करायचं, आणि एकी दाखवायची. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली पाहत होते.

कुलूप कमिटीने घातलं. किल्ली माझ्याकडे राहिली. कमिट्यांचं नेहमी असंच होतं.

गुड फ्रायडेची रीत सांगते. वधस्तंभावर प्रभू येशू सात वाक्यं बोलले; त्यांना आम्ही सात उद्गार म्हणतो. दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि एकेका उद्गारावर एकेक प्रवचन होतं. बहुतेकांचा उपास, जुनी माणसं तीनपर्यंत पाणीही घेत नाहीत. त्या वर्षी सात चर्चेसचे सात पाळक. उद्गारांची वाटणी आमच्या घरात झाली आणि मी चहा देत होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. सहावा उद्गार आहे, "पूर्ण झाले आहे." तो तिघांना हवा होता. वजनदार उद्गार, त्यावर अर्धा तास सहज बोलता येतं. बरीच ओढाताण होऊन तो दगडी चर्चच्या पाळकांकडे गेला. पहिल्यावर क्षमेबद्दल बोलायचं, त्यावरूनही दोघे जवळजवळ भांडले. पाचवा उद्गार कुणालाच नको होता. "मला तहान लागली आहे." त्यात काय बोलायचं? आमचे हे यजमान. घरच्यांनी उरलेलं वाढून घ्यायचं या न्यायाने ती तहान आमच्या वाट्याला आली.

तो शुक्रवार उजाडला. उपासनेत आपली शोभा दिसावी म्हणून आमच्या तरुण संघाने आदल्या दिवशी बाकांपासून फाटकापर्यंत सगळं आवार पाइप लावून धुऊन काढलं होतं. चकचकीत. आवारात कर्णा लावला होता, आत जागा पुरली नाही तर बाहेरच्यांना ऐकू यावं म्हणून. बारा वाजता चर्च गच्च भरलं. दगडी, पत्र्याचं, कौलारू, सगळे शेजारी शेजारी बसलेले बघून खरंच बरं वाटलं. मी खिडकीकडेच्या बाकावर होते.

चौथा उद्गार चालू असताना माझं लक्ष बाहेर गेलं. फाटकाच्या गजांना धरून माणसं उभी होती. एक म्हातारी पायरीवर बसली होती, पदर तोंडावर. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आज सरकारी सुट्टी. जेलमध्ये भेट बंद. का बंद? आमचा गुड फ्रायडे म्हणून. खेड्यातल्या माणसाला कुठला ठाऊक असणार गुड फ्रायडे? रात्रभर प्रवास करून आली, दारातून परत पाठवली, परतीची गाडी संध्याकाळची. कुणीतरी सांगितलं, पुढच्या गल्लीत ओसरी आहे, पाणी मिळतं. ती इथे आली तर कुलूप. आमच्या प्रभूच्या दुःखाचा दिवस म्हणून ती माणसं उन्हात, आणि आम्ही त्याच दुःखावर आत प्रवचनं ऐकतोय. मला लाज वाटली. राग आला की लाज वाटली हे आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी दुखत होतं.

सात उद्गार चालू असताना उठत नाहीत. मी उठले. दारातून मागे पाहिलं तर सुलोचनाबाई उठल्या होत्या, आणि त्यांच्या मागे मार्थाबाई. मी कुणालाही खूण केली नव्हती.

फाटक उघडलं, माणसं ओसरीवर घेतली. माठ पालथे होते ते उताणे केले आणि टाकीचा नळ सोडला. नळातून हवा आली. टाकी कोरडी. आमच्या शोभेने सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. महापालिकेचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी.

"आता?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

गल्लीत पाण्याची एकच जागा होती. तिघींनाही ती ठाऊक होती. शेवटी मी घरातून हंडा आणला.

इथे मला माझं एक सांगितलं पाहिजे. माझे वडील ख्रिस्ती झाले त्याआधीपासून आमचं घर गावकुसाबाहेरचं. ख्रिस्ती झाल्याने पत्ता बदलला नाही. गावच्या विहिरीला आमचा हात लागू देत नसत. ओंजळ धरून उभं राहायचं आणि वरून कुणी ओतेल त्याची वाट पाहायची. कोपरावरून ओघळून अंगावर सांडायचं ते पाणी जास्त, पोटात जायचं ते कमी. मी लहान होते, पण मला तो ओला परकर आठवतो. पुढे शिकले, पुण्यात आले, पाळकीण झाले. कुणाच्या दारात पाणी मागायची वेळ त्यानंतर आली नव्हती. त्या दुपारी हातात रिकामा हंडा घेऊन तात्यांच्या फाटकातून आत शिरताना मला भीती वाटली. नकाराची नव्हे. नकार आला तर मी पुन्हा त्या परकरातली होईन याची.

तात्या ओट्यावरच होते.

"तात्या, पाणी हवंय."

"का? चर्चात न्हाई?"

"आवार धुण्यात संपलं."

"आन् त्या जेलवाल्यांस्नी मी पाजू व्हय? मी अर्ज केलाय त्यांच्या इरुद्ध. ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे. अर्ज राहू द्या की. त्याला तहान लागत नाही."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुमी पानी पाजून मानसं बाटवता, बाई. समदी गल्ली बोलती."

"म्हणूनच तर तुमच्याकडे आले. आज आमचं पाणीच नाही. आज ती तुमचं पाणी पितील. बाटलीच तर तुमच्याकडे बाटतील."

सुलोचनाबाईंना खोकला आला. तात्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला. तेवढ्यात आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "आवं, बाया दारात रिकामा हंडा घिऊन हुब्या ऱ्हायल्यात. आदी पानी द्या, मग भांडा."

तात्या उठले. "जिभंला काय हाड हाय का न्हाई तुमच्या," असं काहीतरी पुटपुटत विहिरीकडे गेले आणि मोटरचं बटण दाबलं. मी हंडा पुढे केला तर म्हणाले, "हंड्यानं कवा पुरं व्हायचं? पाइप हाय माज्याकडं." कुंपणावरून पाइप आमच्या आवारात आला, आणि पाइपामागून पाइप धरून तात्या.

माठ भरले, बादल्या भरल्या, माणसं पाण्यावर तुटून पडली. कर्ण्यावर चौथा उद्गार संपला, गीत झालं, आणि आमच्या ह्यांचा तो गरीब आवाज आवारात पसरला.

"मला तहान लागली आहे."

एवढं वाचून हे थांबले. कागद नीट लावत असणार, ती त्यांची सवय. तेवढ्यात पायरीवरची ती म्हातारी, जिने नुकताच दुसरा पेला रिकामा केला होता, इकडेतिकडे बघायला लागली. "कुनाला तहान लागली म्हनतोय? त्याला बी द्या की." आणि माठातून पेला भरून ती कर्ण्याच्या आवाजामागे सरळ चर्चमध्ये शिरली. मार्थाबाई अडवायला धावल्या, मी त्यांचा हात धरला.

सात चर्चेसची माणसं बसली होती. मधल्या वाटेने ती नऊवारीतली, अनवाणी म्हातारी, जिचा मुलगा पलीकडे शिक्षा भोगत होता, पेला सांडू नये म्हणून हळूहळू चालत व्यासपीठापर्यंत गेली आणि ह्यांच्यापुढे पेला धरला. "घे लेकरा. बोलून बोलून घसा सुकतो."

हे सकाळपासून उपाशी. तीन वाजायला अजून अवकाश. पंचवीस वर्षांत त्यांनी हा उपास मोडलेला मी पाहिला नव्हता. पहिल्या बाकावर भालेराव मास्तर ताठ झाले. ह्यांनी म्हातारीकडे पाहिलं, पेला घेतला आणि सगळ्यांदेखत घटाघट पाणी प्यायलं. कर्णा चालू होता. एकेक घोट आवारात ऐकू आला. मग त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "माझं प्रवचन या बाईंनी केलं. ज्यांना आमेन म्हणायचं असेल त्यांनी बाहेर येऊन म्हणावं." आणि कागद तिथेच ठेवून स्वतः म्हातारीला हाताला धरून बाहेर आले.

माझा नवरा. ज्यांच्या प्रवचनात लोक डुलक्या घेत. त्या दिवशी मला चेहरा करावा लागला नाही.

मग बाकं वाजली. आधी बायका आल्या, मग तरुण संघ, मग सगळेच. दगडी चर्चच्या बायका चटया पसरू लागल्या, पत्र्याच्या चर्चची पोरं बादल्या वाहू लागली. कुणी घरी पळत जाऊन ईस्टरसाठी केलेलं आणलं. दगडी चर्चचे पाळक, अर्ध्या तासाची तयारी करून आलेले, झग्याच्या बाह्या वर करून एका आजोबांना पाणी देत होते. कुणीतरी आठवण केली, साहेब, सहावा उद्गार राहिला. त्यांनी तांब्या हातातच ठेवून आवाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पूर्ण झाले आहे. आमेन." त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लहान प्रवचन, आणि लोकांच्या अजून लक्षात आहे. सातवा उद्गार झाला, तीन वाजले आणि उपासना ओसरीवरच संपली.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. ईस्टरनंतरची बैठक झाली, पण ती ओसरीवरच झाली आणि पाणी वाढता वाढता झाली. कुलपाचा विषय कुणी काढला नाही. महापालिकेचा माणूस तक्रारीची चौकशी करायला आला तेव्हा तात्या आमच्या फाटकात उभे होते. "पानी माज्या हिरीचं हाय," ते त्याला म्हणाले. "माज्या पान्याची तक्रार कोन करतंय?" अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. तो माणूस एक पेला पाणी पिऊन गेला. गल्लीच्या तोंडाची पाटी बदलली: "पाणी डावीकडे आहे. पिऊन झाल्यावर पेला जागेवर ठेवावा. ही धर्मशाळा नसली तरी शिस्त पाळावी."

चर्चेस एक झाली का? नाही. पत्र्याचं चर्च पुढे फुटून त्याची दोन झाली, आणि दगडीवाले अजून आमच्या भजनांना नाक मुरडतात. प्रवचनातली एकी प्रवचनातच राहिली याचं मला वाईट वाटतं. पण ओसरीची पाळी कुणी चुकवली नाही. हे आता नाहीत. मी मुलाकडे विश्रांतवाडीला असते, किल्ल्या दुसऱ्या पाळकिणीच्या कमरेला आहेत. परवा जाऊन आले. माठांच्या जागी थंड पाण्याचं यंत्र आलंय. मला माठ बरे वाटायचे, पण पाणी पिणाऱ्यांची तक्रार नव्हती.

त्या शुक्रवारचं एक राहिलं, आणि मला तेच सांगायचं होतं.

तीन वाजून गेले होते. तात्या सगळा वेळ पाइप धरून उन्हात उभे, सदरा घामाने भिजलेला. मी पेला भरून त्यांच्याकडे गेले. आणि हाताला कसं आठवलं कोण जाणे, मी पेला त्यांच्या ओंजळीसाठी उंच धरला. आमच्या हातचं त्यांना चालेल ते तेवढंच, असं हाताने आपलं आपणच ठरवलं होतं.

तात्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. "वरनं कशापायी वतता, बाई? द्या की गिलास हातात."

मी दिला. त्यांनी तो ओठाला लावला, एका दमात संपवला आणि परत दिला. मला तेव्हा जे वाटलं ते माझ्या वडिलांना सांगायला हवं होतं, पण ते राहिले नव्हते. मी तो पेला विसळला नाही. तसाच माठात बुडवला, भरला आणि मागे वळले. मागे भालेराव मास्तर उभे होते, उपासाने ओठ सुकलेले. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांचा हात सवयीने खिशातल्या घडीच्या पेल्याकडे गेला, तिथे थोडा वेळ राहिला आणि रिकामाच बाहेर आला.

"आणा इकडे," मास्तर म्हणाले, आणि प्यायले.